‘सिटाडेल’ आणि राजगडाचा बालेकिल्ला : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजगडाच्या बालेकिल्ल्याला इंग्रजी लेखनात सर्रास ‘सिटाडेल’ म्हटले जाते आणि त्यामुळे ‘सिटाडेल’ म्हणजे उंचावरचा किल्ला, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः या शब्दाच्या मूळ अर्थात उंचीचा मागमूसही नाही. इटालियन भाषेत शहराला ‘चित्ता’, जुन्या रूपात ‘चित्तादे’, म्हणतात. त्याला लघुत्वदर्शक, म्हणजे लहानपणा दाखवणारा, प्रत्यय लागून ‘चित्तादेल्ला’ म्हणजे ‘छोटे शहर’ हा शब्द झाला आणि तो फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘सिटी’पासून इंग्रजांनीच तो घडवला असेही अनेकांना वाटते, परंतु ‘सिटी’ आणि ‘सिटाडेल’ हे दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘सिविटास’ या एकाच मुळापासून निघून वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत पोहोचले.

‘बालेकिल्ला’ हा शब्द ‘बाळ’ किंवा ‘बळ’ यांवरून आला, ही समजूतही टिकणारी नाही. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. काबूल आणि पेशावर येथील ‘बाला हिसार’ या किल्ल्यांच्या नावांत आणि वऱ्हाडातील ‘पाईनघाट’, म्हणजे घाटाखालचा प्रदेश, याच्या जोडीने येणाऱ्या ‘बालाघाट’ या नावातही तोच शब्द आहे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. युरोपात सिटाडेल पुष्कळदा सपाट जमिनीवर, शहराच्या कडेला बांधली जाई आणि परकीय शत्रूला रोखण्याइतकाच स्वतःच्या नागरिकांना धाकात ठेवणे हाही तिचा हेतू असे. फ्रांचेस्को पाचोत्तो या इटालियन स्थापत्यविशारदाने आखलेली अँटवर्पची पंचकोनी सिटाडेल 1567 मध्ये स्पेनच्या राजाचा सेनापती असलेल्या आल्बाच्या ड्यूकने उभारण्यास घेतली ती याच हेतूने, आणि 1577 मध्ये नागरिकांनी तिची शहराकडील बाजू पाडून टाकली. राजगडावर असा राजा विरुद्ध नगर हा संबंधच नव्हता. तेथे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे माथ्याखाली पसरलेल्या तटबंद सोंडा, असून त्यांच्या मध्यभागी बालेकिल्ल्याचा कातळ उभा आहे; माच्या पडल्या तरी स्वतंत्र महादरवाजा आणि चंद्रतळ्यासारखा पाणीसाठा यांच्या आधारे अखेरपर्यंत लढता यावे, अशी ती रचना आहे.

बालेकिल्ला म्हणजे संपूर्ण गड, असे मानणेही चूक होय. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने चढणारी वाट पद्मावती माचीवर निघते, बालेकिल्ल्यात नव्हे. आणि बालेकिल्ल्यावरही वाड्यांचे अवशेष असले, तरी सदर, पद्मावतीचे देऊळ आणि शिवाजी महाराजांच्या पत्नी, 1659 मध्ये निधन पावलेल्या सईबाईंची समाधी या माचीवरच आहेत.

‘बुरूज’ आणि ‘बॅस्टियन’ यांच्याबाबतही असाच घोटाळा होतो. बुरूज हा मूळचा अरबी शब्द. ‘बास्तियोने’ हा इटालियन शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून, 1494 च्या फ्रेंच स्वारीतील तोफांचा अनुभव घेतल्यावर इटलीत विकसित झालेल्या बसक्या, कोनदार बांधकामासाठी तो रूढ झाला. पोर्तुगीजांच्या वसईच्या किल्ल्याला तो शब्द नेमका लागू पडतो, संजीवनी माचीच्या दुहेरी, चिलखती बुरुजांना नाही.

जुलै 2025 मध्ये राजगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाल्याने येथील इंग्रजी माहिती आता जगभर वाचली जाणार आहे. अशा लेखनात आणि फलकांवर ‘बालेकिल्ला’, ‘माची’ आणि ‘चिलखती बुरूज’ हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ शेजारी स्पष्ट करावा, त्यांच्या जागी परकी नावे बसवू नयेत.