चिमणीला दाण्याबरोबर घरही हवे

मार्च महिन्यातील सकाळ. शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांतील दुकाने अद्याप उघडायची असतात. बागेतील मेंदीच्या कुंपणात मात्र चिमण्यांचा बाजार केव्हाच भरलेला असतो. वीस मिनिटे निःशब्द उभे राहिल्यास नर-मादी सहज ओळखता येतात. नराच्या गळ्याखाली काळा डाग व डोक्यावर राखी टोपी. मादी फिकट तपकिरी. काही चिमण्या धुळीत अंघोळ करतात, तर एखादी चोचीत अळी धरून समोरच्या कौलांखाली शिरते. निरीक्षकाने विशेष लक्ष द्यावे ते या अळीकडे.

प्रौढ चिमणी धान्य खाते. परंतु तिचे पिलू पहिल्या दिवसांत प्रामुख्याने अळ्या व किड्यांवर वाढते. पक्ष्यांना दाणे घालण्याची परंपरा जैन कुटुंबांनी श्रद्धेने जपली आहे. तथापि केवळ दाण्यांवर चिमणीचा संसार उभा राहत नाही.

पूर्वी हा संसार व्यापाऱ्यांच्याच आश्रयाने चाले. पेढीवर धान्य चाळताना दाणे सांडत. वळचणीत वा तसबिरीमागे घरटे बांधले जाई. आज धान्य बंद पिशव्यांत येते आणि नव्या इमारतींच्या भिंतींना फटच नसते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांविषयीच्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारणतः स्थिर आहे. मुंबईसारख्या महानगरांत मात्र ती घटली आहे. महामार्गालगतची गावे शहरांचे रूप घेत असताना हा इशारा महत्त्वाचा ठरतो.

चिमणी धान्याची नासाडी करते, असा हिशेब 1958 साली चीनने मांडला व चिमण्यांचा संहार आरंभिला. पिकांवरील कीड वाढली, तेव्हा 1960 मध्ये ती मोहीम मागे घ्यावी लागली. खर्चाची बाजू पाहिली गेली. जमेची बाजू राहून गेली.

बागेत कीटकनाशक फवारले नाही, तर दुहेरी जीवदया साधते. कीटक खाणे हा चिमणीचा निसर्गधर्म आहे. फवारणी मात्र माणसाच्या इच्छेची बाब आहे. मेंदी, जास्वंदीसारखी झुडपे राखावीत, उथळ भांड्यात पाणी ठेवून ते रोज बदलावे आणि वीण सुरू असताना घरटे हलवू नये.

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्या दिवशी दुकानाच्या छज्जाखाली, उन्हापासून दूर व मांजराला पोहोचता येणार नाही अशा उंचीवर, सव्वा इंच व्यासाच्या भोकाची एक लाकडी पेटी टांगावी. पहिल्या वर्षी ती रिकामी राहिली, तरी काढू नये.