मल्टिकोअर संगणकावर फाईलींची समांतर प्रक्रिया : एक विवेचन

प्रस्तावना :
इंटेल व एएमडी या कंपन्यांनी २००५ मध्ये वैयक्तिक संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. आज महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील साध्या संगणकातही बहुधा चार वा अधिक कोअर असतात. तथापि शेकडो फाईलींवर एकच काम करावयाचे असता अनेकदा एकच कोअर राबतो व उर्वरित रिकामे राहतात. लिनक्स प्रणालीतील आज्ञांच्या साहाय्याने ही उणीव कशी दूर करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समांतर प्रक्रियेचे स्वरूप :
फाईलींचा आकार कमी करणारी जीझिप ही आज्ञा एका वेळी एकच कोअर वापरते. मात्र प्रत्येक फाईलचे काम स्वतंत्र असल्याने, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांत वाटावेत त्याप्रमाणे ते वाटता येते. फाइंड ही आज्ञा फाईलींची यादी देते व एक्सआर्ग्ज ती वाटते. एक्सआर्ग्जच्या मोठ्या लिपीतील 'पी' या पर्यायाने एका वेळी किती प्रक्रिया चालवाव्यात, तर लहान लिपीतील 'एन'ने प्रत्येकीस जास्तीत जास्त किती फाईली द्याव्यात, हे ठरते. दुसरा पर्याय वगळल्यास सर्व नावे एकाच प्रक्रियेकडे जाण्याचा संभव असतो. मग वेळ वाचत नाही.

मर्यादा व दक्षता :
चार कोअर म्हणजे चौपट वेग नव्हे. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, कामाचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर चार कोअरवर वेग सुमारे ३.१ पट होतो आणि कोअर कितीही वाढविले तरी तो दहापटीपलीकडे जात नाही. हार्डडिस्क संथ असल्यास हा लाभ आणखी घटतो.

याहून गंभीर प्रश्न अचूकतेचा आहे. अनेक प्रक्रिया एकाच फाईलमध्ये लिहू लागल्यास ओळी परस्परांत मिसळतात. संशोधनाच्या आधारसामग्रीत असा दोष सहज लक्षात येत नाही व निष्कर्षच चुकतात. म्हणून प्रत्येक प्रक्रियेचे फलित स्वतंत्र फाईलमध्ये घ्यावे, अथवा ते वेगवेगळे राखणारी ग्नू पॅरलल ही आज्ञा वापरावी. फाईलींच्या नावांत मोकळी जागा असल्यास फाइंडच्या 'प्रिंट-शून्य' व एक्सआर्ग्जच्या 'शून्य' या पर्यायांची जोडी आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
नवी यंत्रसामग्री न घेता आहे त्या संगणकांकडून अधिक काम घेणे शक्य आहे. मात्र प्रथम थोड्या फाईलींवर प्रयोग करावा, फलितांची संख्या मूळ फाईलींशी ताडून पाहावी आणि तोपर्यंत मूळ प्रत जतन करावी. वेग हा अचूकतेचा पर्याय होऊ शकत नाही.