लळा जबरदस्तीने लागत नाही

मारहाण किंवा हेळसांड सोसून दत्तक घरी आलेलं मूल आईच्या जवळच येईना, की कुणीतरी ‘अटॅचमेंट थेरपी’ सुचवतं. अमेरिकेत या नावाखाली दोन अगदी उलट गोष्टी चालत आल्या : एक मुलावर जबरदस्ती करणारी, दुसरी मोठ्यांना मुलाला साथ द्यायला शिकवणारी. घोळ तिथूनच सुरू होतो.

गैरसमज : साठलेला राग जोर लावून बाहेर काढला की मूल आईला बिलगतं.
मूल रडलं-ओरडलं तरी धरून ठेवायचं, हा प्रकार जॉन बोल्बी यांच्या लळ्याच्या (अटॅचमेंटच्या) सिद्धांतात कुठेच नाही. एप्रिल २००० मध्ये कोलोरॅडोत १० वर्षांच्या एका दत्तक मुलीला ‘पुनर्जन्मा’च्या नावाखाली चादरीत गुंडाळून उशांनी दाबलं. श्वास घेता येत नाही, असं ती सांगत राहिली. तिचं कुणी ऐकलं नाही आणि ती गुदमरून गेली. दोघी थेरपिस्टना १६-१६ वर्षांची शिक्षा झाली, २००१ मध्ये राज्याने या प्रकारावर बंदी घातली.

गैरसमज : उपचार मुलावर, पालकांनी फक्त आणून सोडायचं.
डेलावेअर विद्यापीठातल्या मेरी डोझियर यांनी बाळांसाठी आखलेली पद्धत पाहा. प्रशिक्षक घरी येतो, १० भेटींत काम होतं, आणि ते मुख्यतः मोठ्यांवर! बाळ धडपडलं, पण आईकडे न वळता भिंतीकडे तोंड करून बसलं. ‘याला मी नकोच आहे’ असं वाटून आई मागे सरते. अशा वेळी तिने मागे न सरता त्याला उचलून घेतलं, तर प्रशिक्षक तिथल्या तिथे ते बोलून दाखवतो. पुढे त्याच प्रसंगाची चित्रफीत पुन्हा पाहतात. छळाचा धोका असलेल्या घरांतल्या एका चाचणीत, विस्कळीत लळा असलेली (घाबरल्यावर आधारासाठी जवळ जावं की दूर, हेच न उमगणारी) बाळं या पद्धतीने ३२ टक्के राहिली. तुलनेच्या गटात ती ५७ टक्के होती.

गैरसमज : पोळी उशीखाली लपवतं, खोटं बोलतं, म्हणजे ‘अटॅचमेंट डिसऑर्डर’.
निदानाच्या निकषांत खोटं बोलणं किंवा चोरी नाहीच. घाबरलं, लागलं तरी मूल कुणाकडेच आधार मागत नाही, हे खरं लक्षण. आणि ते विरळाच दिसतं. उपाशी राहिलेल्या मुलाने पोळी लपवणं तर साहजिकच आहे.

गैरसमज : मुलाच्या वयाची दोन वर्षं उलटली की संपलं.
बुखारेस्टच्या अनाथालयांतली १३६ मुलं अभ्यासली गेली. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांचा लळा अधिक सुरक्षित झाला, हे खरं. उशिरा गेलेल्यांचंही भलंच झालं, फक्त कमी.

थेरपिस्ट निवडताना एवढंच विचारावं : मूल ‘सोडा’ म्हणालं, तर तुम्ही काय करता?