फोटो राहिले, नावं गेली: फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

या भागाचं बोलणं इथं लिहून काढलंय. बोलताना झालेली अडखळ आणि मागून येणारा ट्रॅक्टरचा आवाज तेवढा गाळलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय साधा वाटेल. कॉम्प्युटरमधले फोटो बघायला आणि नीट लावून ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, तेही पैसे न देता? इंटरनेटवर विचारलं तर दहा नावांची यादी मिळते. पण यादीतून निवडायचं कसं, हे कुणी सांगत नाही. ते मला फार उशिरा कळलं, म्हणून आधी घरातली गोष्ट सांगतो.

पत्रिकेसाठी एक फोटो

आमचं गाव वसमत तालुक्यात. आजी गेली तेव्हा तेरवीच्या पत्रिकेसाठी तिचा एक चांगला फोटो पाहिजे होता. छापखान्यातून फोनवर फोन. लॅपटॉपमध्ये अठरा हजार फोटो होते. लग्नं, बारसे, हळद काढणी, हिंगोलीचा दसरा, नर्सीची वारी, सगळं होतं. आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत आजीचा एक फोटो शोधत होतो. शेवटी आधार कार्डावरचा फोटो छापला.

महिन्याभरानं सापडला. औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर पायरीवर बसलेली, तोंडाला पदर लावून हसणारी आजी. फोल्डरचं नाव काय? 'न्यू फोल्डर ३'.

आता यातली खरी चूक ऐका. काही वर्षांपूर्वी मी एका सॉफ्टवेअरमध्ये बसून सगळ्यांच्या चेहऱ्यांना नावं दिली होती. आजीलाही. दिवाळीची अख्खी सुट्टी घातली होती. पुढं लॅपटॉप बिघडला, फॉरमॅट करावा लागला. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते म्हणून वाचले. पण दिलेली नावं फोटोत नव्हतीच! ती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत होती, लॅपटॉपच्या आत. वही गेली, नावं गेली. एक सेटिंग बघायला पाहिजे होती, ती मी बघितली नाही.

म्हणून आजचा सगळा भाग एकाच प्रश्नावर आहे. तुम्ही फोटोबद्दल जी माहिती लिहिता, ती फोटोत राहते की सॉफ्टवेअरमध्ये?

फोटोच्या पाठीवर लिहिणं

जुन्या कागदी फोटोंचं आठवा. काही घरांत फोटोच्या पाठीमागे पेनानं लिहिलेलं असायचं: 'थोरल्या काकाचं लग्न, १९७८'. तो फोटो अल्बममधून काढा, दुसऱ्या अल्बममध्ये लावा, बहिणीला द्या, नाव सोबत जातं. दुसऱ्या काही घरांत एक वही असायची: 'पान ४, फोटो ३, डावीकडून दुसरी मावशी'. वही हरवली की संपलं.

डिजिटल फोटोचंही असंच आहे. जेपेग फाइलमध्ये चित्राबरोबर मजकूर ठेवायला जागा असते. कॅमेरा स्वतः तिथं तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल लिहितो, त्याला एक्झिफ म्हणतात. आपण लिहायची माहिती, म्हणजे नावं, ठिकाण, दोन ओळींचं वर्णन, ती आयपीटीसी आणि एक्सएमपी नावाच्या ठरलेल्या पद्धतींनी लिहिली जाते. ठरलेल्या म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या नाहीत, म्हणून एका सॉफ्टवेअरनं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं. मराठीत लिहिलं तरी चालतं.

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' म्हणतात. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरू.

फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत, पण सॉफ्टवेअर मालकाचं. तो उद्या बंद करू शकतो. पिकासा आठवतंय? २००४ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं, जगभर लोकांनी वापरलं, आणि १५ मार्च २०१६ पासून कॉम्प्युटरवरच्या पिकासाचा आधार बंद झाला. ज्यांच्याकडे होतं त्यांचं चालत राहिलं, पण पुढची दुरुस्ती नाही. गूगल फोटोजवर 'हाय क्वालिटी' फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असं होतं. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात मोजले जाऊ लागले. कंपनीनं आधी कळवूनच केलं, फसवलं नाही. पण फुकटच्या वस्तूवर आपला हक्क किती, ते यातून समजतं.

मुक्त म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला. मूळ लोकांनी काम सोडलं तरी दुसरे पुढं नेऊ शकतात. घरी वापरा, दुकानात वापरा, परवानगी लागत नाही.

मग फुकटचं घ्यायचंच नाही का? तसं नाही. नुसतं बघण्यासाठी फुकटचं खुशाल घ्या, कारण तिथं तुमची मेहनत साठत नाही. ते बंद पडलं तर दुसरं घ्याल. पण जिथं तुम्ही नावं लिहिणार, तिथं मात्र जपून.

आता नावं घेऊ

इरफानव्ह्यू. १९९६ पासून आहे, इरफान स्किल्यान नावाच्या एका माणसाचं. विंडोजवर चालतं. अतिशय हलकं, दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवरही पटकन उघडतं. फोटो बघणं, फिरवणं, शंभर फोटोंचा आकार एकदम कमी करणं, नावं बदलणं यासाठी उत्तम. घरच्या वापराला फुकट. फोटो स्टुडिओवाल्यांनी मात्र ध्यानात ठेवा, धंद्यासाठी वापरायचं तर पैसे आहेत. माणसांच्या नावानं हजारो फोटो लावून ठेवण्याचं काम याचं नाही.

फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर. हेही विंडोजवरचं, घरी फुकट. यात चार फोटोंपर्यंत शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. एकाच पोझचे सहा फोटो काढलेत, कोणता ठेवायचा, त्यासाठी फार कामाचं.

एक्सएनव्ह्यू एमपी. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर. घरी आणि शाळेत फुकट. बघणं आणि लावणं दोन्ही बऱ्यापैकी. पण आपण दिलेले वर्ग आधी त्याच्या वहीत जातात. फोटोतही लिही, असं सेटिंगमधून सांगावं लागतं.

शॉटवेल. लिनक्सवाल्यांसाठी, मुक्त. साधं, तारखेप्रमाणे फोटो दाखवतं. माहिती फोटोत लिहायची चौकट प्रेफरन्सेसमध्ये आहे, ती टिकवायची.

डिजीकॅम. मुक्त, तिन्हीवर चालतं. माझी निवड हीच. माणसांची नावं, ठिकाणं, वर्णन, जवळपास सारखे दिसणारे फोटो शोधणं, सगळं आहे. चेहरे ओळखतं आणि ते काम तुमच्याच कॉम्प्युटरवर करतं, फोटो बाहेर जात नाहीत. मात्र हे जड आहे. पहिल्यांदा चेहरे ओळखायला काही शे एमबीच्या फाइल उतरवून घेतं, आणि पहिली मोजणी रात्रभर चालू शकते. पडदाही बटणांनी भरलेला, पहिला आठवडा गोंधळ होतो.

पहिल्यांदा उघडताना डिजीकॅम विचारतं, माहिती फाइलमध्ये लिहू की नको? तिथं 'फाइलमध्ये लिही' निवडा. नंतर करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये मेटाडेटा विभागात टॅग, फेस टॅग, कॅप्शन, तारीख अशा चौकटी आहेत. सगळ्या टिकवा. माझी दिवाळीची सुट्टी अशाच एका चौकटीपायी वाया गेली.

सगळं ऑनलाइन ठेवलं तर?

कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, फोन आपोआप वर चढवतोच की. हिशेब करू. अठरा हजार फोटो, एक फोटो चार एमबीचा धरा, ७२ जीबी झाले. १५ जीबीत मावणार नाहीत, आणि त्या १५ जीबीत तुमचा ईमेलही आहे. अपलोडचा वेग दोन एमबीपीएस धरला तर ८० तास, तेही मध्ये लाइट न जाता. आमच्या गावात ते जमणं कठीण.

ऑनलाइन एक प्रत असू द्या, चांगलंच आहे. पण गूगल फोटोजमधून सगळं बाहेर काढलं तर तिथं लिहिलेलं वर्णन फोटोबरोबर वेगळ्या छोट्या फाइलमध्ये येतं, फोटोच्या आत नाही. म्हणजे परत वहीच.

पेनड्राइव्हची परीक्षा

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. पंधरा मिनिटांचं काम.

१. दहा जेपेग फोटोंची वेगळी प्रत काढा. मूळ फोटोंना हात लावू नका.

२. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोला नाव द्या. समजा 'आजी'.

३. तो फोटो पेनड्राइव्हवर घ्या, शेजाऱ्याच्या विंडोज कॉम्प्युटरवर लावा. फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स.

४. टॅग्जसमोर 'आजी' दिसलं, तर सॉफ्टवेअर पास. नाही दिसलं, तर सेटिंग शोधा. सेटिंगच नसेल, तर त्यात मेहनत घालू नका.

लावताना आलेल्या अडचणी

व्हॉट्सअॅपचे फोटो. फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो आणि आतली माहिती गळते, अगदी तुम्ही लिहिलेली नावंसुद्धा. फाइलच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. नातेवाइकांना सांगा, लग्नाचे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

चुकीची तारीख. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की तारीख मागं जायची. आमच्याकडे एक अख्खं लग्न १ जानेवारीच्या मध्यरात्री लागलेलं आहे! डिजीकॅममध्ये शंभर फोटोंची तारीख एकदम सरकवता येते. कागदी फोटो स्कॅन केला असेल तर अंदाजे वर्ष घाला आणि वर्णनात 'अंदाजे' लिहा.

गावांची नावं. वसमत की बसमत? औंढा की औंढा नागनाथ? एकच ठरवा, नाहीतर शोधताना अर्धेच सापडतात. जिल्ह्याचं तर विचारूच नका. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधीच्या आमच्या सगळ्या लग्नपत्रिकांवर 'जि. परभणी' आहे. म्हणून मी जिल्हा लिहीत नाही, गाव लिहितो.

प्रती. दोन डिस्कवर ठेवा आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात. आमची मामाकडे असते. एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकाच पावसात भिजतात.

कुणाला विचारायचं

सॉफ्टवेअर चेहरा जुळवतं. हा आणि तो एकच माणूस, एवढं सांगतं. तो कोण, हे माणसालाच सांगावं लागतं. आमच्याकडे ते सांगणारी आता आत्याच उरलीय. म्हणून मागच्या महिन्यात लॅपटॉप घेऊन तीन संध्याकाळी तिच्यापाशी बसलो.

"हे कोण हाय, वळखलं का?"

"नाही आत्या, तुम्हीच सांगा."

"अरे, तुह्या आजीची धाकटी जाऊ. लई गोड गळा व्हता तिचा. जात्यावर बसली की बाया ऐकायला यायच्या."

मी नाव टॅगमध्ये टाकलं आणि गळ्याचं वर्णनात लिहिलं. ते सॉफ्टवेअरला कधीच कळलं नसतं.

तीन संध्याकाळीत दोनशे दहा फोटो झाले. एका फोटोत दसऱ्याच्या मैदानात आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला एक माणूस आहे. आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "न्हाई रे बाळा. हे दादालाच ठावं असतं." दादा म्हणजे माझे वडील. ते सहा वर्षांपूर्वी गेले. त्या फोटोला मी 'ओळख नाही' असा टॅग दिलाय. असे एकोणीस आहेत.

तेव्हा सॉफ्टवेअर कोणतंही निवडा, परीक्षा पास झालं की पुरे. पण ते उतरवून होईपर्यंत थांबू नका. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण, ते बघा आणि या रविवारी त्यांच्यापाशी बसा. तोवर वहीत लिहिलं तरी चालेल, नंतर फोटोत चढवा.

पुढच्या भागात कागदी फोटो मोबाइलनं कसे उतरवायचे, चमक न येता, ते बघू. येतो मंडळी.