हरताळापासून लाल रेघेपर्यंत

आश्वासनांना हरताळ फासला, असं आपण रागाने म्हणतो. पण पोथ्यांच्या काळात हरताळ चूक सुधारायला वापरत. अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि तो वाळल्यावर वर नवं अक्षर काढी.

नकलांमागून नकला होताना ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले. एकनाथांनी प्रती ताडून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये, असंही बजावलं. छापखाना नव्हता, पण मुद्रितशोधकाची वृत्ती हीच.

पुढे छपाईचे खिळे आले. प्रुफाला दोघं बसत. एक मूळप्रत मोठ्याने वाची, दुसरा समासात खुणा करी. एक शब्द वाढला तरी पुढच्या ओळी उकलून पुन्हा जुळवाव्या लागत. त्यामुळे तेवढ्याच जागेत बसणारा शब्द सुचवणं हेही शोधकाचंच कसब होतं.

1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम आले, 1972 मध्ये आणखी 4. ‘नांव’, ‘गांव’ यांवरचे अनुस्वार गेले. नियम लोकांपर्यंत नेले ते मात्र माणसांनी. मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण घरोघरी पोचलं. ठाण्याच्या अरुण फडके यांनी ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ हे नाव सार्थ करणारं छोटं पुस्तक दिलं. यास्मिन शेख यांनी ‘मराठी शब्दलेखनकोश’ रचला. 2025 मध्ये त्यांच्या वयाची शंभर वर्षं पूर्ण झाली.

मग डीटीपी आलं, आणि जुने फॉन्ट युनिकोडमध्ये नेताना रफार आणि वेलांट्या भलतीकडे जाऊ लागल्या. आता संगणक चुकल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. त्याचा उपयोग मोठा आहे, मीही करते. पण ‘मराठी भाषा दीन’ असं लिहिलं तर रेघ उमटत नाही, कारण ‘दीन’ हा शब्दही बरोबरच आहे. ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांचंही तेच. इथे कोणता हवा, हे वाक्य समजून वाचणाऱ्यालाच कळतं.

अशी माणसं टिकायची तर त्यांना कामाला साजेसं मानधन आणि पुरेसा वेळ मिळायला हवा. प्रकाशकांनो, पुस्तकात मुखपृष्ठकाराचं नाव छापता, त्याच पानावर मुद्रितशोधकाचंही छापा.