वाळवंटातील मगरींची ओळख

मगर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नदीचा खोल डोह उभा राहतो. परंतु सहारा वाळवंटात, चाड देशातील एनेडी पठारावर, कातळांनी वेढलेला पाण्याचा एक कोंड आहे. गेल्ता दार्शेई हे त्याचे नाव. तेथे उंटांचे तांडे पाणी पितात आणि त्याच पाण्यात मोजक्या मगरी पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहेत. सहारा हजारो वर्षांपूर्वी हिरवागार होता, त्या काळाचे हे अवशेष होत. या मगरी कोणत्या जातीच्या? शतकाहून अधिक काळ एकच उत्तर मिळे : नाईल मगर.

नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या जोफ्र्वा सेंतिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मात्र एका मगरीच्या ममीची कवटी तपासून १८०७ मध्ये ‘सुकस’ ही निराळी जात सांगितली होती. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. वरवर पाहता दोन्ही मगरी सारख्याच दिसतात. मग वाद मिटावा कसा?

दुकानातील मालावर काळ्या रेघांचा बारकोड असतो. तसाच बारकोड प्राण्याच्या डीएनएमध्ये वाचता येईल, ही कल्पना कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. पेशीतील मायटोकॉन्ड्रिया नामक कणांत एक ठराविक जनुक असते. त्यातील सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचावयाचा. अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. परंतु त्यांचा क्रम एका जातीत जवळजवळ सारखा असतो व जात बदलली की सहसा बदलतो. एकेका पेशीत हे कण शेकड्यांनी असल्यामुळे कातड्याचा किंवा हाडाचा जुना तुकडाही पुष्कळदा पुरतो.

याच तत्त्वाने मायटोकॉन्ड्रियातील जनुके ताडून पाहून एव्हॉन हेकॅला व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या ममींचा डीएनए वाचता आला त्या साऱ्या ‘सुकस’ निघाल्या; सहारातील मगरीही त्याच! नाईल मगर तर अमेरिकेतील मगरींना अधिक जवळची ठरली. अर्थात हे कण केवळ आईकडून येतात, संकराची खबर ते देत नाहीत. तेवढ्यावर नवी जात जाहीर करणे उतावीळपणाचे झाले असते. येथे गुणसूत्रांनीही दुजोरा दिला : नाईल मगरीत ती ३२, ‘सुकस’मध्ये ३४.

पूर्व व दक्षिण आफ्रिकेत नाईल मगरी पुष्कळ आहेत. दोन्ही जाती एक मानल्या असता गेल्तातील मगरी नाहीशा झाल्या तरी हिशेबात काही उणे दिसले नसते. आता त्यांना दुसऱ्या कोणाच्या संख्येत मोजता येत नाही.