वनस्पतींचे श्वसन

वनस्पतींविषयी वर्गात शिकविताना श्वासोच्छ्वास आणि श्वसन या दोन शब्दांची वरचेवर गल्लत होते, असे आम्हांस दिसते. श्वासोच्छ्वास म्हणजे छातीच्या भात्याने वायू आत घेणे व बाहेर टाकणे. श्वसन म्हणजे पेशीच्या आत अन्नातून शक्ती मोकळी होणे. झाडास फुप्फुसे नाहीत, म्हणून श्वासोच्छ्वास नाही. श्वसन मात्र त्याच्या प्रत्येक जिवंत पेशीत अहोरात्र चालते. झाडे केवळ रात्रीच श्वसन करतात, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून निघणाऱ्या प्राणवायूच्या आधिक्याने श्वसन झाकले जाते, इतकेच.

पेडण्याच्या शेतकऱ्यास हे निराळ्या वाटेने ठाऊक असते. भाताचे बियाणे भिजवून झाकून ठेवले की मोड येताना रास आतून गरम लागते. ही ऊब श्वसनाची होय. बियाण्यातील पिष्टाची शर्करा होते; पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन भाग होतात; पुढे तंतुकणिकांत प्राणवायूच्या साहाय्याने त्यांचे कर्बद्विप्राणील वायू व पाणी होते. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली उलगडलेले चक्र याच टप्प्यातले. मोकळ्या झालेल्या शक्तीचा काही भाग एटीपी या रेणूंत साठतो, उरलेला उष्णतारूपाने निघून जातो. प्राणवायू असल्यास एका ग्लुकोजमागे सुमारे ३० एटीपी मिळतात. नसल्यास अवघे २.

मुळांच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा आहे. प्राणवायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट मंद पसरतो. म्हणूनच भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात आणि तेरेखोल व शापोरा नद्यांच्या काठी तिवराची मुळे चिखलातून उभी वर येतात. त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू खालच्या मुळांस पोचतो.

डिचोली तालुक्यात खाणींचा बारीक गाळ पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत उतरल्याचा अनुभव जुना आहे. असा गाळ बसला की मातीतील वायुमार्ग बुजतात. भात काही काळ तग धरील. परंतु भाजीच्या रोपाच्या अंगी ते सामर्थ्य नाही. पाने प्रकाशात असूनही त्याची मुळे गुदमरतात.

‘झाड श्वास घेते’ एवढेच ऐकलेले मूल पानाकडे पाहते. ‘प्रत्येक पेशी श्वसन करते’ हे उमगलेले मूल मुळाकडेही पाहील. शिक्षकांनी हा शब्दभेद जपावा, एवढेच आमचे मागणे आहे.